मनोऱ्याखालची नोकरी

आकाशवाणीत आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "मग तुमचा आवाज कधी ऐकला कसा नाही?" मी निवेदक नव्हतो. अभियांत्रिकी विभागात होतो. निवेदकाचा आवाज स्टुडिओतून निघून गावाबाहेरच्या ट्रान्समीटरवर यायचा आणि तिथून हवेत जायचा. या शेवटच्या टप्प्यावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. नोकरी बदलीची, त्यामुळे देशावर, कोकणात, नदीकाठी अशा बऱ्याच मीडियम वेव्ह केंद्रांचं पाणी प्यायलो. माणसांची नावं इथे घेत नाही. कोणता प्रसंग कुठल्या केंद्रावरचा, तेही सगळीकडे सांगत नाही. जे शिकलो ते कुठल्याही केंद्राला लागू आहे. ऐकणारा जिथे बसून ऐकतो तिथून आपल्याला ऐकता आलं, तरच रेडिओचं काम जमतं.

मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी ते चालवत होती आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. कंपनी तीन वर्षांत डबघाईला आली, 1930 साली सरकारने काम हाती घेतलं आणि 1936 साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. स्वातंत्र्यानंतर नागपूर 1948 साली, पुणे 1953 साली, सांगली 1963 साली आणि परभणी 1968 साली सुरू झालं. सत्तरच्या दशकात जळगाव आणि रत्नागिरीची भर पडली. प्रत्येक केंद्राला स्वतःची लहर मिळाली. पुण्याची 792 किलोहर्ट्झ, म्हणजे 378.8 मीटर. सांगलीची 1251 किलोहर्ट्झ, म्हणजे 239.8 मीटर. जळगावची 963. सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, सुरू होताना निवेदक हे आकडे म्हणायचा आणि गावोगावच्या लोकांना ते पाठ असायचे.

हे आकडे आमच्यासाठी मनोऱ्याचं माप होते. लहरीच्या लांबीच्या साधारण पावपट उंची, हा नेहमीचा हिशेब. 240 मीटरच्या लहरीला मनोरा 60 मीटरच्या आसपास. मनोऱ्याच्या टोकावर काहीतरी बसवलेलं असतं आणि त्यातून प्रसारण होतं, असा लोकांचा समज असतो. मीडियम वेव्हला अख्खा लोखंडी मनोराच अँटेना असतो. तो जमिनीला टेकलेला नसतो. खाली चिनीमातीचा जाड इन्सुलेटर असतो, सगळा भार त्यावर, आणि चहूबाजूंनी ताणाच्या तारा. कुंपणाच्या आत, चालू मनोऱ्याजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही, हा नोकरीतला पहिला धडा.

दुसरा धडा अर्थिंग रॉडचा. ट्रान्समीटरच्या कपाटाचं दार उघडलं की हाय टेन्शन आपोआप तुटतं. तशी इंटरलॉकची सोयच असते. तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. म्हणून लांब दांड्याचा, जमिनीला जोडलेला रॉड आधी आतल्या भागांना लावायचा आणि मगच हात घालायचा. माझे पहिले वरिष्ठ हे काम दर वेळी आमच्याकडून मोठ्याने बोलून करून घ्यायचे. "दार उघडलं. रॉड लावला. रॉड तिथेच अडकवला." दिवसातून कितीही वेळा दार उघडा, हे तीन वाक्यांचं बोलणं चुकवायचं नाही. एकदा नव्या पोराने विचारलं, "साहेब, आत्ताच तर लावला होता." ते म्हणाले, "मघाचा रॉड मघासाठी." त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एकालाही कधी इजा झाली नाही.

पहाटेची पाळी मला सगळ्यात आवडायची. पहिली सभा सहाच्या आत सुरू व्हायची, म्हणजे आम्हाला त्याच्या तासभर आधी ट्रान्समीटरवर हजर राहावं लागे. आधी ब्लोअर चालू करायचा. हवेचा आवाज एकसारखा झाला की फिलॅमेंट. ते ठरलेला वेळ तापू द्यायचं, घाई केली तर हजारो रुपयांचा व्हॉल्व्ह आयुष्य गमावतो. मग बायस, मग हाय टेन्शन, तेही पायरीपायरीने. मीटरचे काटे जागेवर आले की कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, हवेत गेला. त्यात अजून ना सूर असतो ना शब्द. लॉगबुकात वेळ आणि सगळे आकडे लिहायचे. पुढे दर तासाला तेच.

कॅरिअर हवेत गेला की नेमकं काय होतं, ते मला एका दूधवाल्याने सांगितलं. तो ट्रान्समीटरच्या वाटेवरच राहायचा. पहाटे धारा काढताना गोठ्यात रेडिओ लावून ठेवायचा, नुसती खरखर. "साहेब, खरखर एकदम दबते ना, तेव्हाच कळतं की तुम्ही आलात. धून नंतर लागते." वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती आकाशवाणीची संकेतधून सगळ्यांच्या आठवणीत आहे. पण धुनेच्याही आधीची ती शांतता ऐकणारे लोक आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यानंतर कॅरिअर ठरलेल्या मिनिटाला हवेत गेला पाहिजे, याबद्दल मी फार काटेकोर झालो. नियमात थोडी सवलत होती. गोठ्यात बसलेल्या माणसाकडे ती नव्हती.

यंत्राचं आरोग्य कानाने ओळखायचं, हीही त्याच काळातली शिकवण. ब्लोअरचा स्वर किंचित उतरला तर फिल्टर तुंबलाय. ट्रान्सफॉर्मरची घरघर वाढली तर लोडकडे बघा. जुने तंत्रज्ञ बाहेर चहा पिताना मध्येच कप ठेवून आत जायचे आणि नेमक्या त्याच कपाटापाशी उभे राहायचे. पुढे सॉलिड स्टेट यंत्रं आली, पडद्यावर दोष लिहून येऊ लागला. काम सोपं झालं, विजेचा खर्चही कमी झाला. तरी कान लावायची सवय ज्यांनी सोडली नाही, ते पडद्याच्या आधी दोष पकडत.

मीडियम वेव्हचं निम्मं काम जमिनीखाली चालतं, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मनोऱ्याच्या पायथ्यापासून सगळ्या दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. चांगल्या बांधणीत 120 तारा. जमिनीतून परतणाऱ्या विजेला त्या वाट करून देतात. त्या तुटल्या तर ट्रान्समीटर तितकीच वीज खातो आणि हवेत कमी पोहोचतं. एका उन्हाळ्यात मनोऱ्याच्या पायथ्याचा करंट रोज थोडा थोडा सरकायला लागला. ट्रान्समीटर ठीक होता, तिथून मनोऱ्यापर्यंत जाणारा फीडर ठीक होता. आम्ही शेवटी आवारातून पायी फिरलो. कुंपणाच्या कडेला माती ताजी उकरलेली होती आणि तारांची टोकं कापलेली होती. तांब्याला भंगारात भाव मिळतो.

पोलिसांत तक्रार झाली, तारा नव्या पुरल्या. पण चोरी थांबली ती शेजारच्या वस्तीमुळे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी वस्तीवरच्या लोकांना आवारात बोलावलं, कापलेली तार हातात दिली आणि समजावलं, "ही कापली की तुमच्या पाहुण्यांच्या गावात भजन ऐकू येत नाही." त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. त्या रात्रीपासून वस्तीवरची माणसं आळीपाळीने कुंपणाकडे एक फेरी मारू लागली. केंद्र आपलं आहे असं लोकांना कधी वाटतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं. काम उघडून दाखवलं की लोक ते जपतात.

माझ्या नोकरीला खरं वळण लागलं ते फील्ड स्ट्रेंग्थच्या सर्वेक्षणात. जीपमध्ये मीटर आणि लूप अँटेना घेऊन तालुके पालथे घालायचे, ठरलेल्या अंतरावर थांबून सिग्नल किती येतो ते नोंदवायचं. मोकळ्या माळावर उभं राहून आकडा लिहिला की पुढे. एका दुष्काळी तालुक्यात दुपारी उन्हाचं एका घरी थांबलो. घरातल्या आजोबांनी पाणी दिलं, काय मोजताय विचारलं. आमच्या मीटरप्रमाणे त्या गावात आमचा सिग्नल कामापुरताच होता. आजोबा म्हणाले, "चांगला येतो की." त्यांनी फडताळ दाखवलं. फळीवर खडूच्या तीन रेघा होत्या, तीन दिशांना. एक पुण्याची, एक आमची, एक विविध भारतीची. ज्या केंद्राचा कार्यक्रम असेल त्याच्या रेघेवर ते रेडिओ फिरवून ठेवायचे. रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते, ती लहरीला आडवी आली की आवाज जोरात येतो आणि दुसऱ्या बाजूचा अडथळा गळून पडतो. हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. आजोबांनी ते स्वतः शोधून काढलं होतं आणि रेघा पुसट झाल्या की पुन्हा ओढत होते.

त्याच दौऱ्यात उलटंही दिसलं. एका मोठ्या गावात आकडा उत्तम, पण ऐकणारं कुणी नाही. बाजारपेठेत पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आणि दिवसभर कडकड. आमच्या अहवालाच्या नमुन्यात या दोन्ही गोष्टींना रकाना नव्हता. मी वहीच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली: कोण ऐकतं, कुठे बसून ऐकतं, कोणत्या वेळी आवाज बुडतो. बऱ्याच गावांतून एकच तक्रार आली. दिवसा स्वच्छ, अंधार पडला की आवाज वर-खाली होतो आणि मागून परक्या भाषा येतात. कारण सरळ आहे. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हची वर जाणारी लहर गिळून टाकतो, जमिनीलगतची तेवढी उरते. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर वरून परतून शेकडो मैल जाते आणि शेकडो मैलांवरच्या लहरी आपल्याकडे येतात. पल्ल्याच्या कडेला राहणाऱ्या माणसासाठी संध्याकाळचा शेती कार्यक्रम म्हणूनच कठीण. आमच्या केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी महत्त्वाचे सल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावायला सुरुवात केली. खर्च शून्य, उपयोग मोठा.

पुढे कोकणात किनाऱ्यावर बदली झाली. समुद्राचं खारं पाणी मीडियम वेव्हसाठी उत्तम वाहक. जमिनीवर जी लहर डोंगरदऱ्यांत दमते, ती समुद्रावर लांबवर जाते. त्यामुळे आमचे सर्वांत दूरचे श्रोते होड्यांवर होते. मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना रोज वाचली जाई. वारा किती, समुद्र कसा, कुठल्या पट्ट्यात जाऊ नये. एकदा बंदरावर काही तांडेल भेटले. त्यांचं म्हणणं, सूचना ऐकू येते पण हाती लागत नाही. इंजिन चालू असतं, कुणी जाळं ओढत असतं, रेडिओपर्यंत पोहोचेस्तोवर निवेदक पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. "एकदाच बोलता तुम्ही. आमच्याकडे दोनदा बोलावं लागतं."

मी हे ड्यूटी रूममध्ये जाऊन सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यापासून सूचना दोनदा वाचली जाऊ लागली. पहिल्यांदा सावकाश, मग थोडं थांबून तीच पुन्हा. एक निवेदिका त्यासाठी स्वतः एका होडीवर जाऊन आल्या. इंजिनाच्या आवाजात कोणते शब्द बुडतात ते त्यांनी टिपून आणलं. आकडा शेवटी आला तर तो हरवतो, म्हणून वाक्याची मांडणी बदलली. मोठ्या आवाजाच्या कलाकाराला मिळते तशी दाद त्यांना कुणी दिली नसेल. माझ्या मते त्यांच्याइतकं चांगलं निवेदन मी ऐकलेलं नाही.

ऐकणाऱ्याचं म्हणणं केंद्रापर्यंत परत आलं पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं सुरू झाली. कॅनडातल्या अशाच मंडळांवरून कल्पना घेतली होती. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावातले लोक एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न पत्राने केंद्राकडे येत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. पॉल न्यूरथ या अभ्यासकाने त्याचा अहवाल तयार केला आणि जगभर तो वाचला गेला. आमच्या काळात मंडळं उरली नव्हती, पोस्टकार्डं होती. फर्माइशीची, शंकांची, रागाचीही. ती कार्यक्रम विभागाकडे जायची. मी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन पत्त्यांवर नजर टाकायचो. ज्या तालुक्यातून अचानक पत्रं यायची थांबत, तिथे काहीतरी बिनसलेलं असे. दोन-तीनदा तरी प्रसारणातला दोष मला यंत्राआधी पोस्टकार्डांनी दाखवून दिला.

कृष्णाकाठी होतो तेव्हाची एक गोष्ट. सांगलीत पुराचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. पूल 1929 सालचा, मुंबई केंद्राच्या उद्घाटनाला आलेल्या त्याच व्हाइसरॉयच्या नावाचा. एका पावसाळ्यात पाणी भराभर चढत होतं. वीज गेलेली, बऱ्याच ठिकाणचे फोन बंद. कोयना धरणातून इतके क्युसेक विसर्ग, अशी सरकारी माहिती हातात येत होती आणि ती तशीच वाचली जात होती. तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन लागला. "क्युसेकचं राहू द्या साहेब, पुलापाशी किती फूट झालं ते सांगा. माझ्या गोठ्यात 42 ला पाणी येतं."

तिथल्या प्रत्येक गल्लीला, प्रत्येक मळ्याला आपला आकडा ठाऊक असतो. त्यानंतर दर तासाला फूट आणि इंच वाचले गेले, आणि ते किती वाजता मोजले तेही. मोजलेली वेळ सांगायची ही सूचना आमच्या प्रसारण अधिकाऱ्यांची. तासाभरापूर्वीचा आकडा आत्ताचा समजून माणूस गोठ्यात थांबला तर जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं. खात्री नसलेली एकही बातमी त्यांनी लावू दिली नाही. बांध फुटल्याच्या अफवेचे फोन येत होते. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून खातरजमा होईपर्यंत त्यावर एक शब्दही प्रसारित झाला नाही.

आमच्यापुढे प्रश्न डिझेलचा होता. रस्ते बंद, जनरेटरला साठा मोजका. मी हिशेब मांडला. शक्ती निम्मी केली तर डिझेल जवळपास निम्मं लागतं, पण सिग्नलची तीव्रता निम्मी होत नाही, मूळच्या सुमारे 70 टक्के राहते. जवळपासच्या पूरग्रस्त गावांना फरक कळणारही नाही. म्हणून निम्म्या शक्तीवर चालवलं आणि सभांच्या मधली विश्रांती रद्द करून प्रसारण चालू ठेवलं. पाणी उतरल्यावर लोक भेटले. कुणी गाण्यांबद्दल बोललं नाही. रात्री गच्चीवर, एका रेडिओभोवती चार कुटुंबं बसून तासाचा आकडा ऐकत होती, एवढंच सगळ्यांनी सांगितलं.

आता काळ पालटला आहे. एफएम आलं, त्याचा आवाज स्वच्छ. मोबाइल आला, त्यात मीडियम वेव्हचा पट्टाच नाही. घरातले चार्जर आणि एलईडी दिवे इतकी खरखर करतात की जवळचं केंद्रसुद्धा नीट लागत नाही. 1988 पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी, नागपूरच्या 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून देशभर पोहोचणारी, 2018 साली बंद झाली. डिजिटल प्रसारणाची यंत्रं बसवली गेली, पण ते ऐकणारे रेडिओ बाजारात सहज मिळत नाहीत. मीडियम वेव्ह महाग आहे, हेही खरं. 20 किलोवॉट हवेत पाठवायला जुना ट्रान्समीटर त्याच्या सुमारे दुप्पट वीज घ्यायचा. मनोरा, ताणाच्या तारा, रंग, दिवे, कुंपण, पुरलेलं तांबं, सगळ्याची देखभाल आणि मोठी जमीन. पैशांचा हिशेब मांडणाऱ्याला मी दोष देत नाही.

पण त्या हिशेबात एक रकाना कमी आहे. एफएमची लहर दिसेल तेवढ्या टप्प्यात जाते, डोंगर आला की थांबते. मोबाइलचे मनोरे विजेवर आणि केबलवर उभे आहेत, दोन दिवसांच्या पुरात ते एकेक करून गप्प होतात. मीडियम वेव्हचा एक मनोरा आणि एक जनरेटर चालू राहिला तरी चार-पाच जिल्ह्यांना एकाच वेळी तोच आकडा, तीच सूचना मिळते. ऐकणाऱ्याला लागतात दोन सेल. रोज कुणी ऐकत नसेल, पण ज्या दिवशी बाकी सगळं बंद पडतं त्या दिवसासाठी ही यंत्रणा राखली पाहिजे. आणि ती त्या दिवशी अचानक चालत नाही. रोज पहाटे चालवली, रोज लॉगबुक लिहिलं, वेळ पाळली, तरच चालते. ब्लोअरचा आवाज ओळखणारी माणसंही रोजच्या कामातूनच तयार होतात.

वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात सेलवर चालणारा आणि मीडियम वेव्हचा पट्टा असलेला एक साधा रेडिओ ठेवा. आपल्या जिल्ह्याचं केंद्र कुठल्या आकड्यावर लागतं, घरात कुठल्या कोपऱ्यात आणि कुठल्या दिशेला ठेवल्यावर नीट लागतं, ते आत्ताच पाहून ठेवा. आणि केंद्राला एक पत्र लिहा. काय ऐकलं, कुठे ऐकू आलं नाही, काय हवंय. मनोरे राखायचे की पाडायचे याचा निर्णय होताना टेबलावर जे कागद असतात, त्यांत ऐकणाऱ्यांची पत्रं फार कमी असतात. ती वाढली पाहिजेत.